ईपरचा चिखल, कोल्मारची वेदी, ड्रेस्डेनचे फलक: महायुद्ध आणि आधुनिक कलेच्या वाटेवर दहा दिवस

आधुनिक कला पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत जन्मली, असे वाक्य कलेवरच्या लेखांत सर्रास भेटते. तारखा लावून पाहिल्या की ते टिकत नाही. पिकासोच्या ‘आविन्योंच्या तरुणी’ १९०७च्या, यंत्र आणि वेग यांची पूजा करणाऱ्या मारिनेत्तीचा भविष्यवादी जाहीरनामा १९०९चा, कांदिन्स्कीची अमूर्त चित्रे १९१०नंतरच्या चार वर्षांतली. जुलै १९१४च्या शेवटी पहिली तोफ उडाली तेव्हा आधुनिकांची सारी हत्यारे तयार होती. युद्धाने ती पारखली. काही मोडली, काही टिकली, आणि काही चित्रकार तर चारशे वर्षे मागे जाऊन तिथली हत्यारे उचलून आले. ही पारख जिथे झाली त्या जमिनी आणि त्यातून निघालेली चित्रे एकाच प्रवासात पाहता येतात. त्यासाठी हा मार्ग.

आधी तयारीचे. भारतीय पासपोर्टवर दोन व्हिसा लागतात: लंडनसाठी ब्रिटनचा, पुढच्या सगळ्या प्रवासासाठी शेंगेन. शेंगेनचा अर्ज जिथे सर्वाधिक रात्री मुक्काम त्या देशाकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो स्वीकारतात आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. या आखणीत रात्री बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि जर्मनीत वाटल्या जातात, म्हणून हॉटेलांच्या तारखा आधी कागदावर मांडून मगच देश ठरवा. संख्या सारखी आली तर ज्या देशातून प्रथम प्रवेश, त्याच्याकडे अर्ज जातो. लंडन वगळले तर एका व्हिसात भागते, पण पहिल्या दिवसाचे पाहणे गेले की पुढच्या दिवसांचा अर्थ निम्मा होतो.

दुसरी अडचण सुट्टीच्या वारांची. बाझल, झ्युरिक, बर्लिन आणि ड्रेस्डेनची संग्रहालये सोमवारी बंद, कोल्मारचे मंगळवारी. बुधवारी लंडनला सुरुवात केली की सगळे वार जुळतात. खाली तोच हिशेब धरला आहे.

पहिला दिवस, बुधवार: लंडन

सकाळी टेट ब्रिटन. पिंप्लिको स्टेशनवरून पायी दहा मिनिटांच्या आत, प्रवेश मोफत. इथे दोन कामे शोधायची. पहिले जेकब एप्स्टाइनचे ‘रॉक ड्रिल’. १९१३मध्ये त्याने खडक फोडायचे खरेखुरे ड्रिल विकत घेतले, तिपाईवर उभे केले आणि त्यावर मुखवटा चढवलेली प्लास्टरची आकृती स्वार केली. यंत्र आणि माणूस यांचे हे लग्न मार्च १९१५मध्ये प्रदर्शनात मांडले गेले. तोवर मशीनगनने हजारो माणसे कापून काढली होती. एप्स्टाइनने ड्रिल काढून टाकले, पाय कापले, हात अपुरे ठेवले, आणि उरलेले धड १९१६मध्ये ब्राँझमध्ये ओतले. टेटमध्ये आहे ते हे धड. समोर उभे राहून बरगड्यांच्या आतला गर्भ पाहा, मग मान किंचित वळवलेले डोके. भविष्यवाद्यांची यंत्रपूजा कुठे मोडली हे सांगणारा याहून नेमका पुरावा दुसरा नाही.

दुसरे काम इंग्रज चित्रकार नेव्हिन्सनचे ‘ला मित्रायूझ’ (मशीनगन), १९१५. जून १९१४मध्ये हाच चित्रकार मारिनेत्तीबरोबर जाहीरनाम्यावर सही करत होता. त्या हिवाळ्यात डंकर्कला जखमींची ने-आण केल्यावर त्याने भविष्यवादाच्या धारदार कोनांतूनच मशीनगनवाला रंगवला. कोन तेच, पण आता माणूस गनचाच एक सुटा भाग झालेला.

लँबेथ पूल ओलांडून पायी अर्ध्या तासात इंपीरियल वॉर म्युझियम. हेही मोफत. कलादालनात जॉन सिंगर सार्जंटचे ‘गॅस्ड’ आहे, रुंदी सहा मीटरांहून जास्त. मोहरी वायूने डोळे गेलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने चालले आहेत. सार्जंट बासष्टीचा, तालेवारांची व्यक्तिचित्रे काढणारा. हे चित्र जुन्या शिल्पपट्टाच्या रचनेत आहे आणि तरीही ते खरे वाटते. त्यानंतर पॉल नॅशचे ‘द मेनिन रोड’ पाहावे, साधारण १८३ बाय ३१७ सेंटिमीटर. दोन्ही चित्रे एकाच स्मृतिदालनासाठी मागवली होती, ते दालन कधी बांधलेच गेले नाही. नॅशच्या चित्रात माणसे मुंगीएवढी आहेत. नायक आहे जमीन. पाण्याने भरलेले खड्डे, झाडांचे सोट, आणि उजेडाचे दोन-तीन झोत, जे सूर्याचेही वाटतात आणि तोफांचेही. या चित्राचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा, उद्या उपयोगी पडेल. याच संग्रहालयात नेव्हिन्सनचे ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ही आहे: तारेच्या कुंपणात पडलेली दोन ब्रिटिश प्रेते. सेन्सॉरने मनाई केल्यावर १९१८मध्ये त्याने ते तपकिरी कागदाची पट्टी आडवी लावून टांगले, पट्टीवर ‘सेन्सॉर केलेले’ असे लिहून. त्या शब्दाबद्दलही त्याला समज मिळाली.

दुसरा दिवस, गुरुवार: लील, ईपर, मेनिन रोड

सेंट पँक्रसहून युरोस्टारने लील, दीड तासाच्या आत. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच होते, त्यामुळे किमान दीड तास आधी पोचा. लीलला गाडी भाड्याने घ्या आणि सोमवारी आम्येंला परत करायची बोली करा. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना भारतातूनच काढून न्यावा लागतो. गाडी बेल्जियमात नेणार हे कंपनीला लेखी कळवा. फ्रान्सच्या खेड्यांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क असतो. मुख्य रस्त्यावर आहोत म्हणून वेगात जाणारे पाहुणे तिथेच ठोकर खातात.

ईपर, म्हणजे फ्रेंचमध्ये ईप्र, लीलपासून गाडीने पाऊण तास. गाव चार वर्षांत जमीनदोस्त झाले होते. आज दिसते ते सारे जुन्या नकाशांवरून पुन्हा बांधलेले, वस्त्रबाजाराची भव्य इमारतसुद्धा. तिच्यातच इन फ्लँडर्स फील्ड्स संग्रहालय आहे. ते दोन तासांत आटपा, कारण खरा धडा बाहेर आहे.

सायकल भाड्याने घेऊन मेनिन गेटमधून पूर्वेला निघायचे. एन-८ हाच मेनिन रोड. चार किलोमीटरांवर होगे, त्यापुढे रस्त्याच्या दक्षिणेला इन्व्हर्नेस कॉप्स नावाची राई. नॅशने १९१७च्या शेवटी इथली रेखाटने केली, त्यातूनच ‘वुई आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’ निघाले. आज गर्द झाडी आणि शेते आहेत, राई खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहा. आता कालचा फोटो काढा. चित्रातले खड्डे पाण्याने का भरलेले, याचे उत्तर पायाखाली आहे. इथला थर घट्ट चिकणमातीचा. भूगर्भशास्त्रात त्या काळाला या गावावरून यीप्रेशियन हेच नाव पडले. पाणी झिरपत नाही, म्हणून शेतकऱ्यांनी शतकानुशतके चर खणून ते वाहते ठेवले होते. तोफांनी ते चर उद्ध्वस्त केले, ऑगस्ट १९१७मध्ये पाऊसही नेहमीपेक्षा बराच जास्त झाला, आणि पठाराची दलदल झाली. निसर्गचित्रात क्षितिज, वाट, झाड या तीन गोष्टी डोळ्याला आधार देतात. इथे त्या तिन्ही नाहीशा झाल्या होत्या. नॅशचे कोनाकोनांचे, वाट हरवलेले चित्र हा त्या जमिनीचा जवळजवळ अचूक नकाशा आहे. ‘विकृतीकरण’ हा शब्द त्याला लावताना इथे येऊन गेलेला माणूस थबकतो.

शेतात गंजलेले लोखंड दिसले तर हात लावू नका. नांगरटीत आजही जिवंत गोळे वर येतात, त्यांतले काही वायूचे. शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि सैन्याचे पथक उचलून नेते.

रात्री आठला मेनिन गेटखाली बिगुलवादन होते. कबर न सापडलेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे या कमानीवर आहेत, त्यांत भारतीयही. मधल्या जागेसाठी साडेसातच्या आत पोचावे.

तिसरा दिवस, शुक्रवार: व्लाडस्लो

गाडीने उत्तरेला डिक्समुइडे, तिथून काही किलोमीटरांवर व्लाडस्लोचे जर्मन सैनिकी दफनस्थान. बस आहे पण फेऱ्या तुरळक, म्हणूनच गाडी. प्रवेशाला तिकीट नाही. ओकच्या झाडांखाली जमिनीशी सपाट दगड, एकेका दगडावर वीस नावे. एकूण २५,००० हून अधिक सैनिक इथे आहेत. मागच्या टोकाला जर्मन शिल्पकार केथे कोल्विट्झची दोन शिल्पे: गुडघे टेकलेला बाप, गुडघे टेकलेली आई.

तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४मध्ये इथून जवळच मारला गेला, वय अठरा. वडिलांचा विरोध असताना त्याला सैन्यात जाऊ द्यावे म्हणून रदबदली करणारी तीच होती. त्याच वर्षाच्या शेवटी तिने स्मारकाचा आराखडा सुरू केला. आधी मृत मुलगा आडवा आणि आईबाप त्याच्या डोक्या-पायाशी, अशी कल्पना होती. ती जमेना. १९१९मध्ये काम सोडले, काही वर्षांनी पुन्हा धरले, १९३२मध्ये शिल्पे बसली. म्हणजे अठरा वर्षे. त्या काळात मुलाची आकृती गळून गेली. उरले ते दोघे, तेही एकमेकांना न स्पर्शणारे. बाप ताठ, स्वतःलाच आवळून धरलेला. आई पुढे कललेली. शिल्पे मूळ रोखेवेल्डच्या दफनभूमीत होती, १९५६मध्ये थडग्यांबरोबर इथे आली.

पुतळे समोरून पाहून परतू नका. त्यांच्या मागे जाऊन, बापाच्या नजरेच्या रेषेत उभे राहा. पेटरचे नाव असलेला दगड त्याच रेषेत आहे. चेहरा-हातांचे तपशील जवळून पाहिले तर कळते की कोल्विट्झने आकार जितका कमी करता येईल तितका केला, पण माणूस ओळखू येईनासा होऊ दिला नाही. १९१४च्या आधीच्या अमूर्ताच्या वाटेने ती गेली नाही. शोकाला नाव, वय आणि गुडघे लागतात, असे तिचे काम म्हणते. मला ते पटते.

चौथा दिवस, शनिवार: नव्ह शापेल

ईपरहून दक्षिणेला साधारण ४० किलोमीटर, फ्रान्समध्ये. गावाबाहेरच्या चौरस्त्यावर भारतीय स्मारक आहे. गाडी लावायला जागा अगदी थोडी, रस्ता वाहता, मुले बरोबर असतील तर जपून. वर्तुळाकार भिंत, सांचीच्या कठड्याची आठवण देणारी दगडी जाळी, सुमारे पंधरा मीटर उंच खांब, त्यावर कमळ, दोन्ही बाजूंना वाघ. वास्तुकार हर्बर्ट बेकर, म्हणजे नव्या दिल्लीच्या सचिवालयांचा. अनावरण ७ ऑक्टोबर १९२७. कबर न सापडलेल्या ४,७००हून अधिक भारतीय सैनिकांची आणि मजुरांची नावे भिंतीवर आहेत.

मराठी माणसाने इथे सॅपर्स अँड मायनर्सच्या नावांपाशी थांबावे. थर्ड सॅपर्स अँड मायनर्स म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स. त्यांचे काम पूल बांधणे, चर खणणे, सुरुंग लावणे. २८ ऑक्टोबर १९१४ला पायदळ कमी पडले म्हणून त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर पायदळ म्हणून गावावर सोडले. घराघरांतून लढत ते आत शिरले, पाठीमागून कुमक आली नाही, जर्मनांनी उलट हल्ला केला आणि घेतलेले गाव सोडावे लागले. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी त्या दिवशी पडले किंवा जखमी झाले. तयार कारागीर सैनिक असे खर्ची घालणे ही चूक होती, कारण पुढे खंदक बांधायची वेळ आली तेव्हा तेच हात नव्हते. मराठा पलटणींतल्या आजोबा-पणजोबांची नावे मात्र इथे शोधू नका. त्या मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात सापडल्या, आणि त्यांची नावे बसऱ्याच्या स्मारकावर आहेत.

कलेच्या अंगाने या स्मारकाचा मुद्दा सोपा आहे. स्मृती जपायची वेळ आली तेव्हा राज्यकर्त्यांनी नवे काही शोधले नाही, जुने आकार घेतले. ज्या दशकात बर्लिनमध्ये वर्तमानपत्रांचे तुकडे चिकटवून चित्रे होत होती, त्याच दशकात हा खांब उभा राहिला.

मुक्काम आम्येंला.

पाचवा दिवस, रविवार: तिएप्वाल आणि पेरॉन

१९१५मध्ये फ्रेंच सैन्याने आम्येंला छद्मावरणाचे कारखाने उघडले. चित्रकार गिरां द सेव्होला त्यांचा प्रमुख. वस्तूची आकृती मोडण्यासाठी आपण क्युबिस्टांची, म्हणजे वस्तू कोनाकोनांत फोडून रंगवणाऱ्यांची, रीत वापरली, असे त्यानेच सांगितले. पलीकडच्या बाजूला जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क तोफा झाकायच्या ताडपत्र्यांवर ठिपके-पट्टे काढत होता आणि पत्नीला लिहीत होता की यांना कांदिन्स्की म्हणायला हरकत नाही. हे फेब्रुवारी १९१६चे. ४ मार्चला तो व्हर्दंजवळ मारला गेला.

आल्बेरपासून आठेक किलोमीटरांवर तिएप्वालचे स्मारक आहे, ७२,०००हून अधिक नावांचे. वास्तुकार लट्येन्सने कमानीत कमान अशी रचत नेली की नावे कोरायला सोळा खांबांचे पृष्ठभाग मिळावेत. विटा आणि पांढरा दगड, एकही मानवाकृती नाही. अभिजात वास्तूच्या भाषेत राहून तो अमूर्ताच्या फार जवळ पोचला आहे. तासभर पुरे.

उरलेला दिवस पेरॉनच्या किल्ल्यातल्या इस्तोरियाल द ला ग्रांद गेरला द्यावा. रविवारी खेड्यातली खानावळ मिळेलच असे नाही, डबा बरोबर ठेवा. सैनिकांचे गणवेश इथे जमिनीतल्या उथळ चौकोनांत आडवे मांडले आहेत. पण यायचे ते जर्मन चित्रकार ओट्टो डिक्सच्या ‘डेअर क्रीग’ (युद्ध) या संचासाठी. १९२४मध्ये प्रसिद्ध झालेला हा पन्नास एचिंगचा संच, दहा-दहांच्या पाच पेटाऱ्यांत, एकूण सत्तर प्रती. डिक्स मशीनगनवाला होता, १९१६मध्ये इथल्या सोमच्या आघाडीवरच.

छापे पाहण्याआधी ते कसे होतात ते ठाऊक असावे. धातूच्या पत्र्यावर आम्ल न लागू देणारा लेप द्यायचा, सुईने रेघ ओढून लेप खरवडायचा, पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या रेघा आम्ल खाते. ती खाच शाईने भरून वरची शाई पुसायची आणि ओल्या कागदावर दाबयंत्रातून छापायचे. सावलीसाठी ॲक्वाटिंट: राळेची बारीक भुकटी पसरून पत्रा तापवला की कण चिकटतात, त्यांच्या मधल्या फटींत आम्ल शिरते आणि दाणेदार काळोख मिळतो. जिथे पांढरे हवे तिथे रोधक लावून झाकायचे. पत्रा आम्लात जास्त वेळ राहिला तर फटी एकमेकींत मिसळतात, पृष्ठभाग झिजून खड्डे पडतात. शिकाऊ माणसाच्या हातून झाले तर तो पत्रा वाया गेला असे गुरू म्हणेल. डिक्सने नेमके हेच मुद्दाम केले. अनेकदा आम्लात बुडवून त्याने धातू कुजवला. कुजलेले मांस त्याने काढलेले नाही, पत्र्यालाच कुजायला लावले आहे. विवरांनी भरलेली जमीन, कवटीतल्या अळ्या, पांढऱ्या हाडांचे तुकडे जवळून पाहा म्हणजे कळेल. स्पॅनिश चित्रकार गोयाचे युद्धावरचे छापे त्याने नीट अभ्यासले होते, आणि तंत्राचा हा उपयोग गोयाकडूनच आला.

उजेड मंद असतो, कारण कागद उजेडाने पिवळा पडतो. डोळे सरावायला वेळ द्या.

सहावा दिवस, सोमवार: कोल्मार

पहाटे आम्येंला गाडी परत, रेल्वेने पॅरिस नॉर, तिथून पायी दहा मिनिटांवर पॅरिस एस्त, आणि टीजीव्हीने सुमारे अडीच तासांत कोल्मार. दुपारपर्यंत उंटरलिंडन संग्रहालयात पोचता येते. उद्या मंगळवार, बंद. म्हणून ही गाडी चुकवू नका.

आधुनिक कलेच्या सहलीत १५१२-१६ची वेदी, म्हणजे चर्चच्या वेदीवरचे उघडमीट होणारे चित्रफलक, कशाला, असा प्रश्न पडेल. ग्रूनेवाल्डने ही इझेनहाइमची वेदी एका मठाच्या रुग्णालयासाठी रंगवली. तिथले रुग्ण ‘संत अँथनीच्या अग्नी’चे, म्हणजे बुरशी लागलेल्या राईच्या धान्यातून होणाऱ्या विषबाधेचे. हातपाय सडत, कातडी फुटे. उपचाराआधी त्यांना वेदीसमोर आणत. म्हणून इथल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताची कातडी काट्यांनी आणि फोडांनी भरलेली आहे, बोटे वेदनेने ताणलेली. उजवीकडे बाप्तिस्मा देणारा योहान लांबलचक बोट ख्रिस्ताकडे रोखून उभा. हे बोट लक्षात ठेवा.

युद्धकाळात कोल्मारचा आल्सास प्रांत जर्मनीत होता. फेब्रुवारी १९१७मध्ये सुरक्षिततेसाठी वेदी म्युनिकला नेली आणि नोव्हेंबर १९१८मध्ये, जर्मनी हरत असताना, तिथल्या आल्टे पिनाकोटेकमध्ये लोकांसाठी मांडली. माणसांची रीघ लागली, त्यात जखमी सैनिकही होते. सप्टेंबर १९१९मध्ये ती कोल्मारला परतली, आता फ्रान्समध्ये. जखमी देह कसा रंगवावा याचे उत्तर जर्मन चित्रकारांना क्युबिझममध्ये मिळत नव्हते. ते इथे मिळाले.

वेदी आता सुट्या फलकांत मांडली आहे, प्रत्येक फलकाभोवती फिरता येते. मूळची तीन रूपे कशी उघडत ते भिंतीवरच्या छोट्या प्रतिकृती हलवून समजून घ्या आणि मगच फलकांकडे वळा, नाहीतर क्रम लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी डिक्स कैदी म्हणून याच कोल्मारच्या छावणीत होता, आणि छावणीच्या प्रार्थनास्थळासाठी त्याने तीन फलकांची वेदी रंगवली.

सातवा दिवस, मंगळवार: बाझल, झ्युरिक

कोल्मार ते बाझल पाऊण तास. सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून कुन्स्टम्युझियम गाठा. इथे हान्स होल्बाइनचे ‘थडग्यातला मृत ख्रिस्त’, १५२१-२२. उंची साधारण ३० सेंटिमीटर, रुंदी दोन मीटर. एका देहाला पुरेल एवढीच फट. हिरवटलेला हात, उघडे तोंड. हेही ड्रेस्डेनसाठी लक्षात ठेवायचे.

दुपारी तासाभरात झ्युरिक. श्पीगेलगासे १ इथे ५ फेब्रुवारी १९१६ला हुगो बाल आणि एमी हेनिंग्ज यांनी कॅबरे व्होल्तेर उघडले. दादा ही कलाचळवळ इथेच जन्मली. तटस्थ देशात पळून आलेल्या तरुणांचा अड्डा: त्झारा, यांको, आर्प, ह्युल्झेनबेक. त्याच गल्लीत १४ क्रमांकात लेनिन राहत होता. जून १९१६मध्ये बालने पुठ्ठ्याच्या निळ्या नळकांड्यांत पाय घातले, खांद्यावर पुठ्ठ्याचीच झूल, डोक्यावर उंच टोपी. चालणे अशक्य, म्हणून अंधारात त्याला उचलून मंचावर नेऊन ठेवले. मग त्याने कुठल्याच भाषेतले नसलेले शब्द म्हटले. हा पोरखेळ वाटतो खरा. पण तेव्हाची वर्तमानपत्रे, धर्मपीठे आणि विद्यापीठे शुद्ध, व्याकरणाला धरून युद्धाचे गोडवे गात होती. ज्या भाषेत हे सारे सांगता येते ती भाषाच सोडून द्यावी, हा बालचा निर्णय पूर्ण गंभीर होता.

आठवा दिवस, बुधवार: रुळांवर

सकाळी कुन्स्टहाउसमध्ये दादा संग्रहातले काय मांडले आहे ते पाहून बर्लिनची गाडी धरा. आठ-नऊ तास जातात, जागा आरक्षित करा.

हा वेळ विचारवंतांसाठी बरा. तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइन १९१४मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यात स्वतःहून दाखल झाला. त्याच्या वह्या आघाडीवर भरत गेल्या. ‘ट्रॅक्टाटस’ हे पुस्तक त्याने १९१८च्या उन्हाळ्यातल्या रजेत पुरा केला आणि पुढे इटलीत कैदी झाला. वह्यांत आधी निव्वळ तर्कशास्त्र आहे. १९१६मध्ये रशियाच्या तोफखान्यासमोर गेल्यावर मृत्यू, ईश्वर, जगण्याचा अर्थ हे विषय शिरतात, आणि पुस्तक ज्याबद्दल बोलता येत नाही तिथे गप्प राहण्यावर संपते. भाषेवरचा संशय मात्र युद्धाआधीच व्हिएन्नात होता, हे विसरू नये. फ्रॉइडचे उलट झाले. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, हा त्याचा पाया. सैनिकांची स्वप्ने त्यांना रोज रात्री त्याच स्फोटात परत नेत होती. ती कसली इच्छा? १९२०मध्ये त्याला सिद्धांतात मृत्युप्रेरणा घालावी लागली. बॉम्बस्फोटांनंतर, दंगलींनंतर आज आपण सहज ‘ट्रॉमा’ म्हणतो, त्या विचाराचा मोठा भाग या बराकींतून आला.

नववा दिवस, गुरुवार: बर्लिन

उंटर डेन लिंडन या रस्त्यावर नोये वाखे हे स्मारक. वास्तुकार टेसेनोने १९३१मध्ये आत एक रिकामी खोली केली, छताला गोल छिद्र, पाऊस-बर्फ थेट आत. १९९३मध्ये तिथे कोल्विट्झच्या मृत मुलाला कुशीत घेतलेल्या आईचे लहानसे शिल्प मोठे करून बसवले. मूळ चाळीसेक सेंटिमीटरांचे. मोठे केल्याने त्यातली जवळीक गेली, आणि ख्रिस्ती आकार सगळ्या बळींना लागू कसा होईल हा तेव्हाचा आक्षेपही रास्त होता. व्लाडस्लो पाहून आलेल्याला फरक लगेच जाणवतो.

नोये नॅशनलगॅलरीत डिक्सचे ‘स्काट खेळणारे’, १९२०, मांडणीत आहे का ते आधी संकेतस्थळावर पाहा. तीन अपंग अधिकारी पत्ते खेळतात: एकाच्या पायाच्या बोटांत पत्ते, दुसऱ्याच्या तोंडात. खरे पत्ते आणि खरी वर्तमानपत्रे चिकटवलेली. एकाच्या कृत्रिम जबड्यावर डिक्सने आपला चिमुकला फोटो लावून लिहिले आहे की हा डिक्स छापाचा कृत्रिम जबडा, शोधकाचे चित्र असेल तरच अस्सल. कोलाज युद्धाआधी पिकासो-ब्राकच्या टेबलावरचा बुद्धीचा खेळ होता. इथे त्याला कारण मिळाले. शस्त्रक्रियेने जोडलेला माणूस जोडूनच दाखवावा लागतो.

याच शहरात जन्मलेला कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लेडेन १९३३मध्ये मुंबईला आला. ऑस्ट्रियाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमरही त्या दशकात आला. सूझा, रझा, आरा या चित्रकारांना जर्मन अभिव्यक्तिवादाची ओळख मुंबईत झाली ती मोठ्या अंशी या निर्वासितांच्या बैठकींतून.

दहावा दिवस, शुक्रवार: ड्रेस्डेन

रेल्वेने साधारण दोन तास. आल्बर्टिनममध्ये डिक्सचे तीन फलकी ‘युद्ध’, १९२९-३२. मधला फलक २०४ सेंटिमीटर चौरस, बाजूचे त्याच उंचीचे आणि निम्म्या रुंदीचे, खाली ६० सेंटिमीटर उंचीची पट्टी. डावीकडे धुक्यात आघाडीकडे निघालेली पलटण. मध्ये उद्ध्वस्त खंदक. वर अडकलेला सांगाडा बोट रोखून आहे, आणि ते बोट कोल्मारच्या योहानाचे आहे. गोळ्यांनी चाळण झालेले पाय उलटे वर आले आहेत, त्यावरच्या जखमा ग्रूनेवाल्डच्या ख्रिस्ताच्या. उजवीकडे जखमीला ओढून नेणारा माणूस म्हणजे स्वतः डिक्स. खालच्या पट्टीत आडवे पडलेले सैनिक, झोपलेले की मेलेले ते कळत नाही. ती फट होल्बाइनची. एक गोष्ट मात्र कुठेच नाही. कोल्मारच्या वेदीत पुनरुत्थानाचा फलक आहे, डिक्सने त्याला जागा ठेवलेली नाही.

तंत्रही जुन्या उस्तादांचे. लाकडी फलकावर आधी पूर्ण आकाराचा आराखडा, मग पांढऱ्या टेंपेराने उजेडाच्या जागा उठवायच्या, त्यावर तेल-राळेचे पारदर्शक पातळ थर. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही. घाई केली, किंवा तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला, तर रंग तडकतो. फलकांना तीन वर्षे लागण्याचे एक कारण हेच. चित्रासमोर तिरके उभे राहून पाहिले की मधल्या प्रेतांची कातडी आतून उजळल्यासारखी का दिसते ते समजते: पांढरे खाली आहे, रंग वर.

एप्रिल १९३३मध्ये नाझींनी डिक्सला इथल्या अकादमीतल्या प्राध्यापकपदावरून काढले. त्याचे १९२३चे ‘खंदक’ १९३७मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात टिंगलीसाठी टांगले गेले, आणि पुढे नाहीसे झाले. तीन फलकांचे ‘युद्ध’ वाचले, १९६८मध्ये ड्रेस्डेनच्या संग्रहाने ते विकत घेतले.

संग्रहालय सहाला बंद होते. दुपारी चारनंतर शाळांचे गट गेलेले असतात, तेव्हा जा. परतीसाठी प्रागचा विमानतळ सोयीचा, रेल्वेने अडीच तासांच्या आसपास.